खिडकीपासून ताडोब्यापर्यंत : पक्षी-प्राणी पाहू लागणाऱ्यांसाठी

पक्षी-प्राणी पाहण्याची आवड नव्याने लागली की बहुतेक जण आधी मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतात आणि पाठोपाठ ताडोब्याचे आरक्षण करतात. यात गैर काही नाही, पण क्रम उलटा आहे. ज्याला घरासमोरच्या तारेवरचा पक्षी ओळखता येत नाही, त्याला जंगलात वाघाखेरीज काहीच दिसत नाही, आणि वाघ नेमका त्या दिवशी दिसला नाही की सगळी सहल वाया गेल्यासारखी वाटते. म्हणून या लेखातला क्रम असा ठेवला आहे की आधी घराची खिडकी, मग पायी जाता येईल असा तलाव किंवा टेकडी, मग प्रवास आणि अभयारण्य सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीवर काही महिने रेंगाळायला हरकत नाही, किंबहुना रेंगाळावेच.

पायरी पहिली : एक जागा, एक वेळ

घराची एक खिडकी, गॅलरी किंवा अंगणाचा एक कोपरा निवडावा आणि सूर्योदयानंतरच्या तासाभरात तिथे रोज पंधरा-वीस मिनिटे बसावे. समोर एखादे झाड, विजेची तार किंवा निदान शेजारच्या इमारतीची गच्ची दिसत असावी. सुरुवातीला दुर्बीण नको, पुस्तक नको आणि मोबाइलही नको. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत एवढ्या तयारीवर गावकावळा, डोमकावळा, पारवा, साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, तांबट, कोकीळ, भारद्वाज, पोपट, खंड्या आणि आकाशात घिरट्या घालणारी घार यांपैकी निम्मे तरी पहिल्या पंधरवड्यातच दिसतात.

कावळ्यापासून सुरुवात करणे सर्वांत चांगले, कारण तो घाबरून पळत नाही आणि दिवसभर समोर असतो. मान राखाडी असलेला तो गावकावळा. सर्वांगाने काळा, अंगाने मोठा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. एप्रिलपासून कावळे काटक्या, कधीकधी तारांचे तुकडेसुद्धा, गोळा करून घरटी बांधू लागतात आणि त्याच दिवसांत कोकीळ जोरात ओरडू लागतो. काळाभोर, लाल डोळ्यांचा, ‘कुहू’ करणारा तो नर. मादी तपकिरी असते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा असतो, त्यामुळे ती डोळ्यांसमोर बसली असली तरी पुष्कळांना ती कोकिळा आहे हे ठाऊक नसते. नर कोकीळ कावळ्यांना डिवचतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडे घालते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपल्याहून वेगळ्या दिसणाऱ्या पिल्लाला कावळा इमाने-इतबारे भरवतो आहे असे दृश्य दिसते, तेव्हा हे सगळे नाट्य पुरे होते. तीन महिने चालणारे हे प्रकरण पाहायला कोणत्याही अभयारण्याचे तिकीट लागत नाही. मात्र रोज त्याच जागी बसावे लागते, कारण एकदा पाहून त्यातले काहीच कळत नाही.

खिडकीतून दिसणाऱ्या इतर प्राण्यांनाही या बैठकीत जागा द्यावी. खार शेपटी झटकत एकसारखी ओरडू लागली तर आसपास मांजर, साप किंवा शिक्रा हा शिकारी पक्षी आहे असे समजावे. संध्याकाळी दिवे लागताना उडणारी लहान वटवाघळे, दिव्याजवळ दबा धरून बसलेली पाल आणि जुन्या वाड्यांच्या, कौलारू घरांच्या माळ्यावर रात्री फिरणारे उदमांजर हेही घरचेच सोबती आहेत. घरी पाहण्याचा आनंद म्हणजे पिंजऱ्यातला पोपट नव्हे, हे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे अजूनही पोपट विकले आणि पाळले जातात. भारतातले रानपोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पायरी दुसरी : पाणी, झाडे आणि खाऊ

घराजवळ पक्षी यावेत यासाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे पाणी. कुंडीखाली ठेवतात तसे मातीचे पसरट परळ घ्यावे, त्यात दीड-दोन इंचांपेक्षा जास्त पाणी भरू नये आणि मध्ये एखादा दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यांना त्यावर उतरता येते आणि पाण्यात पडलेल्या मधमाश्यांनाही बाहेर पडता येते. काचेच्या किंवा गुळगुळीत स्टीलच्या भांड्यात पक्ष्यांचे पाय घसरतात. परळ सावलीत आणि मांजर दबा धरून बसू शकेल अशा झुडपापासून चार-पाच फूट दूर ठेवावे. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून धुवावे. हे केले नाही तर पक्ष्यांपेक्षा डासच जास्त होतील. मार्च ते मे या काळात बुलबुल आणि साळुंक्या दुपारी त्यात आंघोळ करतात. परळ ठेवल्यावर पहिला पक्षी यायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन आठवडे. जागा बदलत राहू नये.

झाडांचा परिणाम सावकाश होतो, पण टिकतो. गॅलरीत जास्वंद, हॅमेलिया किंवा टिकोमा लावला तर शिंजीर मध प्यायला येतात. कढीपत्ता आणि लिंबू यांच्या पानांवर काही फुलपाखरे अंडी घालतात; त्या अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मग हिरव्या होतात. त्या पाने खातात म्हणून औषध फवारले तर फुलपाखरू नाही आणि अळ्यांवर पिल्ले वाढवणारा शिंपीही नाही. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर उंबर लावण्याचा आग्रह धरावा. उंबर पिकले की तांबट, हळद्या, कोकीळ, बुलबुल, रात्री वटवाघळे आणि नशिबाने साथ दिली तर हरियाल आणि राखी धनेश असे सगळे एकाच झाडावर येतात. झाडाची वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर तोडू नये, कारण तांबट तशाच फांदीत भोक पाडून घरटे करतो.

खाऊ घालण्याबाबत या लेखकाचे मत जरा कडक आहे. शेव, फरसाण, पाव, तेलकट पोळी हे पक्ष्यांचे अन्न नव्हे, आणि ढिगाने टाकलेल्या धान्यावर चिमण्या कमी आणि पारवेच जास्त येतात. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेल्यास काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हेच कारण होते. द्यायचेच असेल तर मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी तासाभरात संपेल इतकीच ठेवावी आणि पारवे जमू लागले की बंद करावी. चिमण्यांसाठी लाकडी घरटे लावायचे असेल तर त्याचे भोक साधारण सव्वा इंचाचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही, आणि ते उन्हाच्या माऱ्यापासून व पंख्यापासून दूर, उंचावर टांगावे.

पायरी तिसरी : घरटे आणि पडलेले पिल्लू

पाणी आणि झाडे ठेवली की कधीतरी कोणी तरी गॅलरीत घरटे करतेच. बुलबुल मनीप्लांटमध्ये वाटीसारखे घरटे विणतो, शिंपी रुंद पाने शिवून त्यात कापूस भरतो, तर शिंजीर दिव्याच्या वायरला कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली थैली लटकवतो आणि ती कचऱ्याचा झुपका वाटावी इतकी बेमालूम असते. काड्या आणण्यापासून पिल्ले उडेपर्यंत लहान पक्ष्यांना साधारण महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे दिवस त्या कोपऱ्यात वावर कमी ठेवावा, झाडाला पाणी हळू घालावे, फ्लॅश वापरून फोटो काढू नये आणि नीट दिसावे म्हणून आडवी आलेली पाने तर मुळीच छाटू नयेत. पानांचा आडोसा गेला की कावळ्याला घरटे दिसते आणि दुसऱ्या दिवशी ते रिकामे होते.

जमिनीवर पिल्लू सापडले तर आधी त्याच्याकडे नीट पाहावे. अंगावर पिसे नसतील, डोळे मिटलेले असतील आणि घरटे हाताला येत असेल तर ते उचलून परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या चिमणीला दुसऱ्या चिमण्या टोचून मारतात, ही समजूत घरोघरी पक्की बसली आहे, पण ती खरी नाही. आई-बाप पिल्लाला पुन्हा स्वीकारतात. पिसे आलेली असतील आणि ते तुरुतुरु उड्या मारत असेल तर ते उडायला शिकत आहे. त्याला खोक्यात घालून दूध-पोळी भरवणे म्हणजे मारणेच होय. कुत्र्या-मांजरांपासून वाचेल अशा झुडपात त्याला ठेवून लांब उभे राहावे. थोड्या वेळाने आई चोचीत किडा घेऊन येते. पक्षी किंवा प्राणी खरोखर जखमी असेल तर वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या 1926 क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे. घरात साप निघाला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवून सर्पमित्राला बोलवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची चित्रे घरातल्या प्रत्येकाने एकदा नीट पाहिलेली असावीत, मात्र ओळख पटली तरी हात कोणीही लावू नये.

पायरी चौथी : ओळखण्याची रीत

नवखा माणूस आधी रंग पाहतो आणि तिथेच फसतो, कारण उन्हाकडे तोंड करून पाहिले तर सगळेच पक्षी काळे दिसतात. आधी आकार पाहावा आणि तो चिमणी, साळुंकी, कावळा व घार या चार मापांवर बसवावा. ‘साळुंकीपेक्षा थोडा लहान’ एवढे टिपले तरी निम्मे काम झाले. मग चोच पाहावी: दाणे फोडणारी आखूड व जाड, किडे टिपणारी बारीक, मध शोषणारी बाकदार की मांस फाडणारी आकडेदार. त्यानंतर शेपटी, पाय आणि बसण्याची ढब. पक्षी काय करतो आहे यावर सर्वांत जास्त भर द्यावा. दुभंगलेली शेपटी घेऊन तारेवर ताठ बसणारा, मधूनच झेपावून किडा पकडणारा आणि घारीच्याही मागे लागायला न भिणारा काळा पक्षी तो कोतवाल. जमिनीवर सहा-सात जणांचा घोळका करून पालापाचोळा उलथत कलकलाट करणारे मातकट पक्षी ते सातभाई. नेहमी दिसणाऱ्या लालबुड्या आणि शिपाई या दोन्ही बुलबुलांच्या बुडाखाली लाल रंग असतो, पण डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर लाल ठिपका फक्त शिपाई बुलबुलाला असतो.

आवाज शिकायला वेळ लागतो, तरी झाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकूच येतो, म्हणून तो टाळता येत नाही. महिन्याला दोन आवाज पक्के करावेत. उन्हाळ्याच्या दुपारी एकसारखा ‘टुक्-टुक्-टुक्’ असा ठोका ऐकू आला तर तो तांबट. पहाटे अंधारातच गोड शीळ घालणारा तो दयाळ. झाडीतून खोल ‘हूप-हूप-हूप’ घुमतो तो भारद्वाज. आणि मृगाच्या तोंडावर, कधीकधी रात्रीही, चढत्या स्वरात शेतकऱ्यांना ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सांगतो तो पावशा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने तयार केलेले ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवते आणि त्याचा उपयोगही होतो, पण ते चुकते, त्यामुळे पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ते नाव वहीत पेन्सिलीनेच लिहावे. त्याच ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो घरटे आणि पिल्ले सोडून भांडायला धावतो.

पायरी पाचवी : दुर्बीण आणि वही

खिडकीतल्या पंधरा-वीस पक्ष्यांची नावे न चुकता सांगता आली की दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीवर 8×42 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुकानदार जास्त पटीची दुर्बीण गळ्यात मारू पाहतो, पण जितकी पट जास्त तितका हाताचा कंप जास्त दिसतो आणि तितका दिसणारा परिसर लहान होतो, त्यामुळे उडता पक्षी सापडतच नाही. नवख्याने 8×42 किंवा 8×40 घ्यावी. तलाव आणि माळरान यांवरच जास्त फिरायचे असेल तर 10×42 चालते. 20 पटींपेक्षा जास्तीचा दावा करणाऱ्या रस्त्यावरच्या स्वस्त दुर्बिणी पैसे वाया घालवण्यासाठी असतात. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप दुमडून किंवा आत फिरवून पाहावे. बहुतेक दुर्बिणींत उजव्या भिंगाजवळ डोळ्यांतला फरक जुळवण्याची एक चकती असते. आधी उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करावे, मग डावे झाकून त्या चकतीने उजव्याला करावे. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. दुर्बीण लावून मग पक्षी शोधू गेले तर नुसती पानेच दिसतात.

वही लहान, खिशात मावणारी असावी. तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता, एवढे लिहावे. ‘साळुंकी, 2, एसीच्या खोक्यामागे गवत नेत होत्या’ ही नोंद ‘साळुंकी’ या नोंदीपेक्षा दहापट मोलाची आहे. हीच यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर चढवली तर ती अभ्यासकांच्या कामी येते. 2020 मध्ये भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवर जो अहवाल प्रसिद्ध झाला तो हौशी लोकांच्या अशाच नोंदींवर उभा होता, आणि चिमणी देशभर नाहीशी होत आहे हा सर्वत्र पसरलेला समज त्यातून दुरुस्त झाला. मोठ्या शहरांत ती घटली आहे, पण देशभराचा विचार केला तर तिची संख्या स्थिर आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची गणना होते आणि पंधरा मिनिटे एका जागी बसून मोजणाऱ्या कोणालाही तीत भाग घेता येतो. आपल्याकडे राज्य शासन 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करते. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या आणि 12 तारीख सालिम अलींच्या जन्माची. या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षीमित्र मंडळांच्या मोफत फेऱ्या निघतात. अशा एका फेरीत जाणकाराच्या शेजारी दोन तास चालणे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा, आणि या लेखापेक्षाही, जास्त शिकवते.

पायरी सहावी : पायी जाण्याच्या अंतरावर

आता घराबाहेर पडावे, पण लांब नव्हे. पुण्यात पाषाण तलाव, वेताळ टेकडी किंवा सोलापूर रस्त्यावरचे कवडीपाट, मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाणे खाडीच्या काठचे ऐरोली, नागपुरात अंबाझरी आणि गोरेवाडा, कोल्हापुरात रंकाळा आणि कळंबा तलाव अशी ठिकाणे प्रत्येक शहराला आहेत; गावात तर पाझर तलाव, नदीचा डोह आणि माळ हाकेच्या अंतरावर असतात. तेच ठिकाण वर्षभर, दर महिन्याला निदान एकदा पाहावे. हिवाळ्यात पाणी आटत जाते तसा काठाचा चिखल उघडा पडतो आणि तिथे शेकाट्या, धोबी, तुतारी असे लांब पायांचे नाही तर सतत शेपटी हलवणारे पाहुणे दिसू लागतात. मे-जूनमध्ये गायबगळ्याचे डोके आणि मान केशरी होते, ढोकरीची पाठ लालसर तपकिरी होते, आणि हिवाळ्यात मातकट दिसणारा सुगरण नर पिवळी टोपी घालून विहिरीवरच्या बाभळीला घरटी टांगू लागतो. घरटे अर्धे झाले की तो मादीला दाखवतो, आणि तिने नापसंत केले तर ते तसेच सोडून दुसरे विणायला घेतो. याच सुमारास आफ्रिकेतून चातक येतो आणि नवरंगाची दोन सुरांची शीळ झाडीतून ऐकू येऊ लागते.

कपडे मातकट किंवा हिरवट असावेत, पांढरे आणि भडक टाळावेत. चार जणांपेक्षा मोठा गट नको. पक्ष्याकडे सरळ रेषेत चालत न जाता तिरके, थांबत थांबत जावे. त्याने मान उंच करून तुमच्याकडे पाहिले की तिथेच थांबावे, कारण पुढचे पाऊल त्याला उडवणार असते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तिची अंडी किंवा पिल्ले जवळपासच्या उघड्या जमिनीवर आहेत. पायाखाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरावे.

पायरी सातवी : प्रवासात

एसटीची किंवा रेल्वेची खिडकी ही पक्षीनिरीक्षणाची दुर्लक्षित जागा आहे. ऊन पाठीमागून येईल अशा बाजूची जागा धरावी, म्हणजे रंग दिसतात, आणि दुर्बीण पिशवीतच ठेवावी, कारण चालत्या गाडीत ती निरुपयोगी असते. वेगात जाताना ओळख पटवायची ती केवळ आकारावरून आणि जागेवरून, आणि चौथ्या पायरीवरचा सराव इथे उपयोगी पडतो. तारांवर ओळीने बसलेले हिरवे, शेपटीतून सुईसारखी दोन पिसे बाहेर आलेले ते वेडे राघू. एकटाच, डोके मोठे, उडाला की पंखांत निळे पट्टे चमकतात तो नीलपंख. पाण्याच्या डबक्याजवळ जाड चोचीचा खंड्या. आणि शेतावर हवेत एका जागी पंख मारत तरंगणारी पांढरी-करडी शिकारी ती कापशी. नांगरट चालू असेल तर ट्रॅक्टरच्या मागे गायबगळ्यांची रांग असतेच. पुणे-सोलापूर वाटेवर हिवाळ्याच्या संध्याकाळी पळसमैनांचे थवे दिसतात. त्यांनाच भोरड्या म्हणतात, आणि ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचे जे वाटते ते आपल्या कौतुकापेक्षा फार वेगळे असते.

घाटात थांबलेल्या गाडीभोवती माकडे जमतात तेव्हा काच बंद ठेवावी आणि काहीही देऊ नये. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर यांतला फरक मुलांना तिथेच दाखवावा. वेफर्सची चटक लागलेले माकड पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातातली पिशवी ओढते आणि रस्त्यावर गाडीखाली येते. माथेरान, महाबळेश्वर, भीमाशंकर सगळीकडे हे रोज घडते.

मुद्दाम जायचे तर पहिली सहल भिगवणची करावी. उजनी धरणाच्या भीमेवरच्या फुगवट्याचा हा काठ पुण्यापासून शंभरएक किलोमीटरवर आहे, आणि कुंभारगाव, डिकसळ अशा गावांतले मासेमार होडीतून फिरवतात. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला, त्यातही पाणी ओसरून उथळ झाल्यावर, म्हणजे जानेवारीनंतर, रोहित (फ्लेमिंगो) जास्त संख्येने दिसतात. चित्रबलाक, चमच्या, नदीसुरय आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस हेही तिथे असतात. उजाडताना होडीत बसावे. थवा उडताना छान फोटो मिळतो म्हणून होडीवाल्याला होडी थव्यात घालायला सांगणारे लोक दर हिवाळ्यात दिसतात; तसे मुळीच सांगू नये आणि होडीवाला आपण होऊन तसे करू लागला तर त्याला थांबवावे. हे पक्षी इथे परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायला आलेले असतात आणि दिवसातून दहा वेळा उडवले तर तेच बळ खर्ची पडते. होडीवाल्याला हे पटते, फक्त गिऱ्हाइकाने आधी बोलायला हवे.

नाशिककरांना गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर जवळ पडेल. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ आहे आणि मनोऱ्यांवरून निवांत पाहता येत असल्यामुळे वृद्धांना व लहान मुलांना ते भिगवणपेक्षाही सोयीचे आहे. गोव्यात जाणाऱ्यांनी एक सकाळ समुद्रकिनारा सोडून रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे आणि सालिम अली पक्षी अभयारण्यातल्या खारफुटीत फिरावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि पिल्ले कधी बाहेर येतील हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, म्हणून एका रात्रीचा नव्हे, दोन रात्रींचा मुक्काम धरावा आणि आधी फोन करून मगच निघावे. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवावी. काजवे एकमेकांना प्रकाशानेच शोधतात आणि आपल्या उजेडात त्यांना ते जमत नाही.

पायरी आठवी : व्याघ्र प्रकल्प

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. आरक्षण ऑनलाइन होते, प्रवेशद्वारावर आरक्षणात दिलेल्या ओळखपत्राची मूळ प्रत लागते, मंगळवारी सफारी बंद असते आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त, कारण पाणवठे थोडेच उरतात आणि पानगळीमुळे लांबवर दिसते; पण त्या उन्हात लहान मुलांना नेण्याआधी विचार करावा. नवख्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जास्त आनंदाचा वाटेल. बफर, म्हणजे गाभ्याभोवतालच्या, क्षेत्रातल्या फेऱ्यांना कमी लेखू नये.

गाडीत बसल्यावर गाइडला पहिल्याच मिनिटाला ‘वाघ दाखवा’ म्हटले की तो आणि चालक उरलेला वेळ गाडी पळवण्यात घालवतात. त्याऐवजी ‘आम्हाला सगळेच पाहायचे आहे, पाणवठ्यावर अर्धा तास थांबलो तरी चालेल’ असे सांगून पाहावे; फेरीचा रंगच बदलतो. वाघाचा माग आवाजावरून लागतो. झाडाच्या शेंड्यावरून वानर एका दिशेला पाहून खाकरू लागले, आणि त्यात सांबराच्या घुमणाऱ्या आवाजाची भर पडली, तर गाडी बंद करून थांबावे. चितळ मात्र पुष्कळदा उगाचच घाबरते, त्यामुळे एकट्या चितळाच्या हाकेवर गाइड फारसा विसंबत नाही. वाघ रस्त्यावर आलाच तर उभे राहू नये, बोलू नये, आणि त्याची वाट अडेल अशी गाडी लावायला चालकाला भरीस घालू नये. रानकुत्र्यांची टोळी, मोहाच्या दिवसांतले अस्वल, गवा, ताडोबा तलावातली मगर आणि तुरेबाज सर्पगरुड यांच्यासाठी गाडी थांबवायला सांगायची ती प्रवाशांनीच, कारण वाघामागे धावणाऱ्या फेऱ्यांत त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही.

सकाळची आणि दुपारची फेरी यांच्या मध्ये चार-पाच तास मिळतात आणि बहुतेक लोक ते खोलीत पंख्याखाली काढतात. जेवणाआधी मुक्कामाच्या आवारातच एखादे उंबर किंवा पाण्याची टाकी शोधून पहिल्या पायरीवर केले तसेच वीस मिनिटे बसावे, आणि ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ उतरला असाल तर यजमानाला विचारून, उन्हे उतरू लागल्यावर, इरई धरणाच्या काठाला जाऊन यावे; दुर्बीण बरोबर असू द्यावी.